नानांचा क्लब आणि गरम वांगी

“फोनमा नही ते जगमा नही, नाना!”

मी कांद्याची पात निवडत होते, तेव्हा पाठीमागून हे कानावर आलं. बोलणारा माझा मामेभाऊ, धुळ्याचा दादा. समोर आगीजवळ उकिडवे बसलेले नाना, म्हणजे माझ्या आईचे काका. त्यांच्या हातातली काडी वांग्यात अर्धी टोचलेली, तशीच राहिली.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही जळगावचे आणि मामाकडचे धुळ्याचे पारोळ्याजवळ नानांच्या शेतात जमतो आणि भरीत करतो. वांगी जळगावहून आम्ही नेतो, कारण धुळ्याच्या वांग्यांवर माझ्या वडिलांचा विश्वास नाही. ती भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्या नानांच्या. दादा तेलाची कॅन आणि भांडणाचा विषय आणतो. विषय लागतोच. भाजलेली वांगी गरम असतानाच सोलावी लागतात आणि बोटं चांगलीच पोळतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे, त्या दिवशीच्या वादात जो हरेल त्याने वांगी सोलायची. नाना आजवर कधी हरले नव्हते. ते दमतच नाहीत, समोरचा दमतो.

यंदाचा विषय नानांचा क्लब होता. नाना तरुणपणी गोव्यात बंदरावर क्रेन चालवायचे. तिथे त्यांना फुटबॉलचं वेड लागलं. त्यांचा क्लब देशाची राष्ट्रीय लीग जिंकला तेव्हा ते स्टेडियममध्ये होते. गर्दीत एक चप्पल हरवली आणि ते एका चपलेवर खोलीपर्यंत चालत आले, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलीय की मामी भाकरी थापता थापता विचारते, “यंदा कोणता पायनी गयी, नाना?” कारण चप्पल दर वर्षी पाय बदलते. कधी डावी, कधी उजवी. एकदा तर दोन्ही गेल्या होत्या.

पण मी एक गोष्ट लक्षात ठेवली होती. चप्पल बदलायची, गोल कधी बदलले नाहीत. कोणी मारला, कोणत्या बाजूने चेंडू आला, शेवटी कोण रडलं, हे दर वर्षी जसंच्या तसं.

दादाने यंदा फोन काढला. देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगचे आजवरचे विजेते शोधले आणि मोठ्याने वाचून दाखवले. नानांचा क्लब त्यात नव्हता.

“नाना, तुमनी टीम तर कोठेच नही. मंग तुम्ही काय देखं? कबड्डी?”

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला नानांचा चेहरा दिसत होता. “मी सोता देखेल शे,” ते एवढंच म्हणाले आणि वांगी ताटात काढायला लागले. सोलायला. न भांडता.

मला माहीत होतं दादाचं कुठे चुकलं ते. तो बोलत होता ती लीग नवी आहे. ती यायच्या कितीतरी आधीपासून देशात राष्ट्रीय लीग होती. मधे तिचं नाव बदललं, मग नवी आली, काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालल्या आणि शेवटी मोठेपण नवीकडे गेलं. फोनला नुसतं ‘सगळ्यात मोठी लीग’ विचारलं तर तो आजचीच सांगतो. जुने विजेते वेगळ्या पानावर आहेत. नानांचा क्लब तिथे आहे.

हे मला कसं माहीत, ते घरात कोणालाच माहीत नाही. जुन्या लीगचे गुणतक्ते वाचणं हा माझा छंद आहे. कोण किती गोलांनी हुकलं, कोण खाली घसरलं, कोण दोन वर्षांनी परत वर आलं. मला त्यात गोष्टी दिसतात. शिवाय गुणतक्ता समोरून काही विचारत नाही.

माणसं विचारतात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे मराठी बोललं की डायरीत शेरा मिळायचा. आणि शेतावर सगळे बोलतात खान्देशी. मला ती पूर्ण समजते, विनोदांसकट. लहानपणी एकदाच बोलले होते. काय बोलले ते आठवत नाही, पण सगळे प्रेमाने पोट धरून हसले आणि मामीने ते वाक्य पुढे वर्षभर पाहुण्यांना ऐकवलं. तेव्हापासून मी या शेतावर हो, नाही आणि “अजून नको” एवढंच बोलते. मागून मला ‘मॅडम’ म्हणतात, तेही मी ऐकलंय.

म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं. पात बाजूला ठेवली, हात पुसले आणि जुन्या लीगच्या विजेत्यांचं पान शोधून घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली काहीच लिहिलं नाही.

शेतभर फोन वाजले. मामाच्या खिशात, बाजेवर, आईच्या पिशवीत, गाडीच्या सीटवर. एक तर कपाशीच्या काड्यांच्या ढिगातून वाजला.

कोणीही हलेना. मामीचे हात पिठात, आईचे लसणात. मामा वांगी ठेचायला मुसळ घेऊन बसलेला. दादा मिरच्या चिरत होता आणि त्या हाताने फोन उचलायची त्याची हिंमत नव्हती.

“कोनीतरी काहीतरी धाडं वाटस,” मामा म्हणाला.

“गुड मॉर्निंग व्हई,” मामी म्हणाली. “जेवण झाया देखू.”

मला हसू आलं. एवढी मेहनत गुड मॉर्निंगमध्ये जमा. तोवर नानांनी पहिलं वांगं सोलायला घेतलं होतं. बोट पोळलं, त्यांनी ते तोंडात घातलं आणि परत वांग्याला हात लावला. जेवणानंतर कोणीतरी फोन बघणार, “अरे, नाना बरोबर होते,” म्हणणार. पण तोवर सगळी वांगी सोलून झालेली असणार. आणि पुढच्या वर्षी नाना ती चपलेची गोष्ट सांगतील की नाही, मला खात्री वाटेना.

मी उठले. आगीला वळसा घालून नानांपाशी गेले आणि त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं. ते इतकं तापलं होतं की ओढणीने धरावं लागलं. मामीची भाकरी हातातच राहिली. मी ताट नेऊन दादासमोर ठेवलं. कान गरम झाले होते, आणि वाक्य मनात इंग्रजीत तयार होतं, मराठीतही होतं. तोंडातून मात्र तिसरंच आलं.

“दादा, हाई लीग नंतर उनी. तेना पहिले देशनी मोठी लीग दुसरी व्हती, आन ती नानास्ना क्लबनी जिकेल शे. वांगा आते तू सोल.”