फाडलेला कोपरा

आक्का, त्र्याहत्तर साली इस्लामपूरच्या स्टँडवर मला निरोप द्यायला सगळी भावकी लोटली होती. आबांनी पलटणीतल्या शिस्तीने माझी ट्रंक तीनदा तपासली. आई एवढंच म्हणाली, "लिवत जा रं. दोन वळी लिव, पर लिव." आणि मी नेमका लिहिण्यातच घोटाळा केला.

इंग्लंडात माझा विषय होता कृष्णविवरं. विश्वाच्या आरंभी सगळं एकसारखं पसरलेलं, तरी क्वांटमच्या बारीक चढउतारांमुळे कुठे तसूभर जास्त, कुठे कमी. जास्त जमलं तिथे ते आपल्याच भाराने आत कोसळून छोटी कृष्णविवरं झाली असतील का, हे मला गणिताने दाखवायचं होतं. गुऱ्हाळातल्या काहिलीत पाक सगळीकडे सारखाच दिसतो, पण पहिला खडा कुठेतरी एकाच जागी धरतो, तसं काहीसं. घरी मात्र हे कुणाला धड सांगितलं नाही. साहेबाच्या देशात जाऊन मला शिंगं फुटली होती.

एका दुपारी लायब्ररीत तुम्हाला निळं हवाई पत्र लिहून संपवलं आणि कित्येक दिवस अडलेली पायरी एकदम सुचली. हाताशी दुसरा कागद नव्हता. पत्राच्याच कोपऱ्यावर समीकरण खरडलं, कोपरा फाडून खिशात घातला आणि उरलेलं पत्र पेटीत टाकलं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी वर्षभरात विसरलो.

पुढचं तूच कळवलंस. पोस्टमनने पत्र उंबऱ्याबाहेरच आबांच्या हातात ठेवलं. लढाई पाहिलेल्या त्या माणसाला ते उघडवेना. आईने हंबरडा फोडला, गल्ली गोळा झाली, घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी तू शाळेत शिकवून परत आलीस आणि पत्र उघडून मोठ्याने वाचलंस: बर्फ पडला, मी मजेत आहे. त्यानंतर पोस्टमन दिसला की आई परसात जाऊन उभी राहायची, तू "चारी कोपरं हायती गं" म्हणेपर्यंत.

"एकदा येऊन तिला तोंड दाखव," असं तू लिहिलंस. कोपरा गणितासाठी फाडला, एवढं मी उलट टपाली कळवलं; यायला मात्र तीन वर्षं लावली. गणित हातातोंडाशी आलं होतं ना! शेवटी ते चुकलंच. कोपऱ्यावरची पहिलीच ओळ चुकीची होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, लाज वाटते.

आलो तेव्हा आईने एक लागट शब्द काढला नाही. जेवायला वाढता वाढता तिने विचारलं, "त्या कोपऱ्यावरचं गणित सुटलं का रं?"

"व्हय आई, सुटलं."

दुसरं काय बोलणार होतो? ज्यासाठी ती दिवसभर माझं मरण रडली, ते फुकट गेलं म्हणून सांगू? दुसऱ्या दिवशी शेजारणींना ती सांगत होती, "उगं न्हाई फाडला कोपरा माझ्या लेकानं. लय मोठं गणित व्हतं." मी आतल्या खोलीत तोंड लपवून बसलो होतो.

तू लिहितेस, ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगते. आक्का, खरं तुला आज कळलं, तिला कळू देऊ नकोस. मी आता इकडचाच झालो, यंदाही येणं होत नाही. घर म्हणून मला उरलंय ते इतकंच: तिथे आईपाशी माझं ते गणित अजून बरोबर आहे.