बंदुकीच्या गवसणीतला ट्रायपॉड

आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या डोंगरांत फोटो काढत हिंडणारा मोकेते प्रवासाचं सामान निवडायला बसला की घरात कुणी त्याच्या वाटेला जात नसे. एक कॅमेरा, एक वाइड लेन्स, एक लांबची, जादा बॅटऱ्या सदऱ्याच्या आत अंगाशी, नाहीतर थंडीत त्या माना टाकतात. बाकी सगळं बाद. घोड्याला ओझं झालं तर चढावर तो तुम्हालाच पाडतो, आणि बरोबरच करतो. फक्त एका वस्तूवर मोकेते अडून बसायचा, ती म्हणजे त्याचा जुना जड ट्रायपॉड. तिथल्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड उभा राहत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं.

त्या ऑगस्टात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, त्यानं राजधानी मासेरूच्या बाजारातून ट्रायपॉडसाठी बंदुकीची जुनी चामडी गवसणी आणली. बर्फाचं पाणी आत जात नव्हतं, पट्टा खोगिराला घट्ट बसत होता. स्वारी खूश.

त्याचा मेहुणा फाको दहा वर्षं त्याच्याबरोबर घोडे घेऊन जायचा. तो मात्र गवसणी बघून हसला नाही.

"भाऊजी, हे नका घेऊ. वर मेंढ्यांच्या चोऱ्या चालल्यात. चोरांकडे बंदुका आहेत."

"मग मी काय चोर दिसतो?"

"लांबून सगळेच दिसतात. उघडाच बांधा की ट्रायपॉड."

"आणि सांध्यांत बर्फ गेलं तर तुझा बाप येणारे पुसायला? चल गप."

फाको घोडे घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा-सेखोपा नावाच्या गावाच्या वरच्या खिंडीत पहिला दगड मोकेतेच्या घोड्याच्या कानशिलावर बसला. घोडा कोसळला. आदल्याच दिवशी त्या गावाच्या चाळीस मेंढ्या गेल्या होत्या आणि एक मेंढपाळ गोळी लागून मेला होता. मोकेतेला हे नंतर कळलं. घोंगड्या पांघरलेली सात-आठ माणसं काठ्या घेऊन कड्याआडून धावत आली.

"परत आले रे! बंदूक बघा, बंदूक!"

"अहो, कॅमेऱ्याचं आहे ते!" मोकेते ओरडला आणि दाखवायला म्हणून त्यानं गवसणीचा बंद ओढला. याहून मोठा गाढवपणा त्याला करता आला नसता. काठी मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. दुसरी डोक्यावर येत होती, ती फाकोनं मध्ये पडून झेलली. मग सगळ्या काठ्या फाकोकडे वळल्या. खाली पाडून ते त्याला तोंडावर, गुडघ्यांवर, पोटात मारत होते, आणि तो सारखं "भाऊजी, हात वर करा, हात वर करा" म्हणत होता. एकानं दोन्ही हातांनी दगड उचलून घातला. मग तो काही म्हणाला नाही.

एवढ्यात ट्रायपॉड गवसणीतून घसरून बर्फावर पडला, एक पाय उघडून. मारणारे थांबले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तो काठीनं ढोसून पाहिला.

"हे काय आहे रे?"



त्याच माणसांनी फाकोला घोंगडीत घालून खाली आणलं. त्यातले दोघे रडत होते. फाको वाटेतच गेला. पोलिसांनी तिघांना धरून नेलं. पशूंसारखी माणसं ती, बिचारा मोकेते थोडक्यात वाचला, असं सगळं खोरं म्हणत होतं. मोकेते ऐकून घेत होता, आणि ऐकून घेतल्याची त्याला शरम वाटत होती.

दफनाच्या दिवशी सासूनं त्याचा धड हात धरला. "शेवटी काही बोलला का रे माझा पोरगा?"

तुमचं नाव घेतलं, असं सांगून मोकळं होता आलं असतं.

"निघतानाच बोलला होता, आई. ही गवसणी घेऊ नका म्हणाला, लोक बंदूक समजतील. मी ऐकलं नाही."

म्हातारीनं मान वळवली. अंगणाच्या कुंपणाबाहेर त्या धरलेल्या तिघांच्या आया येऊन उभ्या होत्या. आत यायला धजत नव्हत्या.

"मला कशाला सांगतोस?" म्हातारी म्हणाली. "त्यांना सांग." आणि हात न सोडता तिनं त्याला कुंपणाकडे ओढत नेलं.