बिननावाचे सरदार

बखरकाका कधी खरं बोलले, तर आळीतली माणसं बुचकळ्यात पडत. एरवी त्यांच्या बोलण्याला एक शिस्त असे. दारातला फणस कोण्या राजाच्या हत्तीने पाठ घासून वाकवलेला. ओटीवरचा काळा डाग तेलाचा नव्हे, तिथे एक मशालजी घसरून पडलेला. घरातली मांजर थेट किल्ल्यावरच्या मांजरांच्या वंशातली. हे सगळं ते झोपाळ्यावर बसून, अडकित्त्याने सुपारी कातरत, चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगायचे. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं. बाकी गावाला ते बखरकाकाच.

एकोणीसशे पन्नासनंतर माझ्या यजमानांची बदली साताऱ्याहून रत्नागिरीच्या पोस्टात झाली आणि काकांच्या पडवीतल्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड थाटलं. "तुम्ही घाटावरची माणसं, तुम्हाला इतिहासाची सवय असेल," असं काका पहिल्याच दिवशी म्हणाले. मी त्यांना नारळ कसा सोलायचा ते विचारायला गेले होते. नारळाचा इतिहास ऐकून परत आले. नारळ शेवटी काकूंनी सोलून दिला.

काकू म्हणजे दुसरं टोक. त्यांच्या तोंडून जन्मात कधी खोटा शब्द गेला नव्हता. आळीत भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्याकडे येत, आणि 'काकू म्हणाल्या' म्हटलं की विषय मिटे. दुधात पाणी किती पडलंय हे दूधवाल्यालाही त्यांच्याकडूनच कळायचं. अशी बाई या माणसाच्या गळ्यात कशी पडली, हा प्रश्न मला पडला, तसा सगळ्यांनाच पडायचा. पण एक होतं. काकूंनी चारचौघांत नवऱ्याला कधी खोटं पाडलं नाही. ओटीवर हत्ती, मशाली चालू असल्या की माजघरातून नुसतं "हं" यायचं. त्या 'हं'मध्ये सगळं असायचं, पण बाहेरच्याला ते कळू नये एवढी काळजी काकू घेत.

माजघराला खिडकी नव्हती. भरदिवसा तिथे चिमणी लावावी लागे. ओटी पुरुषमाणसांची, मागच्या पडवीत चुलीचा धूर. म्हणजे तांदूळ निवडायला, वाती वळायला, शिवणटिपण करायला काकूंना तेवढीच जागा. हळूहळू त्यांचे डोळे अधू झाले आणि भातात खडे येऊ लागले. काका ते न बोलता गिळत. एकदा मी जेवायला असताना कडकन आवाज झाला. काकूंनी दचकून मान वर केली. "दात आहे," काका म्हणाले, "जुना आहे, वाजतो." डॉक्टरांनी सांगितलं, उजेडात बसत जा, नाहीतर आहे तेवढंही दिसायचं नाही. काकांनी त्याच संध्याकाळी गवंडी ठरवला. माजघराच्या पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडायची.

गवंडी आला, दारावरची पाटी त्याने वाचली आणि पहार खांद्यावर टाकून घरी गेला. जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत हे घर होतं. भिंतीला हात लावायची सोय नव्हती.

आता हे घर यादीत गेलं कसं? तर काकांच्या कृपेने. आदल्या उन्हाळ्यात कचेरीतले एक तरुण साहेब जुन्या वास्तू हुडकत आळीत आले. घामाघूम झाले होते, म्हणून काकांनी त्यांना ओटीवर बसवून पन्हं दिलं. नुसतं पन्हं देऊन पाहुण्याला वाटेला लावणं काकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सरदार दिले. मोहिमेवर निघालेले एक मोठे सरदार आजारी पडून या घरात गुपचूप राहिले होते म्हणे.

"कोण सरदार?" साहेबांनी विचारलं.

"नाव सांगायचं नाही, अशी घराण्याला शपथ आहे."

"कुठे लिहिलेलं आहे का?"

"लिहिलं असतं तर गुपचूप कसं राहिलं असतं?"

साहेबांना हे फार पटलं. जांभ्याची भिंत कोकणातले पावसाळे खाऊन पुराणी दिसते, त्यात खांब कोरीव. पावसाळ्याआधी पाटी लागली. काका महिनाभर पाटीखाली बसून सुपारी कातरत होते.

आणि आता तीच पाटी काकूंच्या डोळ्यांवर आली. काका कोट घालून कचेरीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी खरं बोलले. सरदार खोटे, घर माझ्या वडिलांनी बांधलं, खांब एका मोडलेल्या घराचे विकत आणले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "समजलं. शपथ आहे ना? काळजी करू नका, मी कोणाला सांगणार नाही." काका तीनदा गेले. दर खेपेला साहेबांचा आदर वाढत गेला. तिसऱ्यांदा त्यांनी दारापर्यंत पोचवलं.

त्या दिवशी काका घरी आले ते झोपाळ्यावर बसलेच नाहीत. माजघराच्या उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "अगो, माझं खरं कोणाला खपत नाही. तू येऊन बोल."

"चारचौघांत?" काकूंनी विचारलं.

"चारचौघांतच."

काकूंना नीट दिसत नव्हतं म्हणून हात धरायला मी बरोबर गेले. नऊवारी, डोक्यावरून पदर, अशा त्या निघाल्या. कचेरीत माणसं बरीच होती. साहेबांनी खुर्ची दिली. काकू बसल्या नाहीत.

"हे सांगतात ते सरदार कोणी आले नव्हते," काकू म्हणाल्या. "मी लग्न होऊन आल्ये तेव्हा तिथे नुसता चौथरा होता. भिंतींच्या मातीला पाणी मी घातलंय, जमीन मी चोपल्ये. त्या घराहून मी जुनी आहे. यादीत घालायचं तर मला घाला आणि घराला सोडा."

साहेब काकांकडे बघायला लागले. काका खाली बघत होते. कोपऱ्यातला गावातला जुना कारकून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, काकू म्हणाल्या म्हणजे झालं." घर यादीतून निघालं. बाहेर येताना काकांकडे बघून कोणीतरी फिदीफिदी हसलं, आणि काकूंनी पदर आणखी पुढे ओढला. मला त्या हसणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. घाटावरची असूनही दिली नाही.

खिडकी झाली. पहिल्यांदा ऊन आत आलं तेव्हा काकू कोपरे बघून म्हणाल्या, "अगो बाई, एवढ्या जळमटांत संसार केला मी?" आणि दोन दिवस झाडू खाली ठेवला नाही. भातातले खडे गेले. भाताला आता चव राहिली नाही, अशी तक्रार काकांनी केली. पण ती त्यांची शेवटचीच गंमत. आळीतली टारगट मंडळी येता-जाता विचारायची, "काय काका, सरदार गेले वाटतं?" काका नुसते सुपारी कातरायचे. फणस आता नुसता फणस राहिला आणि मांजर नुसती मांजर. खरं सांगते, मला चैन पडेना.

"उजेड आला नि घरातला आवाज गेला गो," काकू मला हळूच म्हणाल्या.

मग एका दुपारी, ओटीवर पाच-सहाजण बसलेले असताना, माजघरातून काकूंचा चांगला खणखणीत आवाज आला. "अहो, ते तुमचे सरदार कुठे डोकं करून झोपत?"

अडकित्ता थांबला.  काकांनी सुपारी खाली ठेवली.

"पूर्वेला," ते म्हणाले. "आजारी माणूस. खिडकीचा वारा लागायचा."

"हं," आतून आलं. असं 'हं' मी त्या घरात आधी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत फणसाकडे हत्ती परत आला.

पुढे आमची बदली झाली. निघताना काकांनी मला तीच मांजर देऊ केली, वंश घाटावर वाढावा म्हणून. दोन वर्षांनी पत्र आलं, काका गेले. मी ती बातमी वाचून पोरासारखी रडले, आणि मग फणस आठवून हसलेही. पहिल्या सुट्टीत काकूंना भेटायला गेले. त्या खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या. तेवढ्यात ओटीवर एक नवे साहेब आले, मागोमाग आळीतली चार माणसं. जुन्या वास्तूंची यादी नव्याने चालली होती.

"आजी, घर जुनं दिसतंय," ते दारातून म्हणाले.

"दिसणारच," काकू म्हणाल्या. "एक सरदार राहून गेलेत इथे."

मी चमकून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

"कोण सरदार?"

"नाव सांगायचं नाही. ह्याच खिडकीशी झोपत. पूर्वेला डोकं करून."

साहेब आत येऊन खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवून गेले. सगळे फाटकाबाहेर पडेपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"काकू! तुम्ही? खोटं?"

"सगळ्यांदेखत मीच त्यांना खोटं पाडून आल्ये होत्ये," काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मग सगळ्यांदेखत खरं कोणी करायचं गो?"

आणि सुपातला एक खडा हुडकून त्यांनी तो खिडकीबाहेर टाकला.