मधाचा वास

मला बघायला आले तेव्हा पोहे संपल्यावर माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पिशवीतून एक मेणबत्ती काढली आणि म्हणाल्या, “वास घे.” मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, अंगात शिष्टपणा होता. मध आहे आणि थोडा धूर, असं मी ऐटीत सांगितलं. त्या हसल्या. माझं लग्न तिथेच ठरलं, हे मला फार उशिरा कळलं.

सासऱ्यांचं नाशिकरोडला चर्चच्या रस्त्यावर फुलांचं दुकान होतं. फेब्रुवारीतल्या यात्रेला लोक फुलांबरोबर मेणबत्त्याही मागत, म्हणून त्यांनी मधमाशांच्या मेणाच्या मेणबत्त्या घरीच करायला घेतल्या. मेणाच्या ढेपा सुरगाण्याकडून यायच्या आणि त्यांत कोणीतरी मधल्यामध्ये पांढरं स्वस्त मेण मिसळायचं. ते ओळखायला घरात एक नाक लागायचं. लग्नानंतर त्याच आठवड्यात सासूबाई मागच्या खोलीतल्या पाटावरून उठल्या आणि मी बसले.

मेणबत्ती घ्यायची तर नख रुतवून बघा. खऱ्या मेणात नख जातं, भुगा पडत नाही. मुठीत धरली की जराशी चिकटते. जुनीवर पांढुरकी साय येते, तिला बुरशी समजून परत करू नका, फडक्याने पुसली की जाते. रंग हळदीसारखा भडक असेल तर परत ठेवून द्या. आणि न पेटवताच वास घ्या. तो हलका असतो, शोधावा लागतो. नाकात घुसला तर अत्तर घातलंय समजा. वीज जायची तेव्हा आमच्या घरी हीच जळायची. तिचा उजेड पिवळा, शांत, डोळ्यांना न टोचणारा. तो मला फार आवडायचा आणि त्याचाच मला रागही यायचा.

कारण त्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. साड्या कितीही धुतल्या तरी मधाचा वास जात नसे. माहेरी जायचं म्हटलं की नेमका माल यायचा. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, गिऱ्हाईक येतं ते हिच्या नाकामुळे. एवढ्या कौतुकापुढे तक्रार तरी काय करायची? ओझरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला बाई हव्या होत्या. त्यांनी मला दोनदा विचारलं. सासरे म्हणाले, मग मेण कोण बघणार?

शेवटी मी सासूबाईंना गाठलं. त्या कपाळाला मेण लावून त्यावर कोरडं कुंकू लावत होत्या. मी नवीन ढेप पुढे केली. त्यांनी वास घेतलाच नाही. बोटावर थोडं मेण घेऊन चोळलं आणि म्हणाल्या, “भेसळ हाय.”

म्हणजे त्यांना सगळं येत होतं. मग तुम्हीच बसा ना, असं मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“मी लय बसले,” त्या म्हणाल्या. “तुला आणलं तवा उठले. आता धाकटी येऊ दे, मग तू ऊठ.”

मी ओझरला निरोप पाठवला की जूनपर्यंत थांबा. दिराला मुली बघायला सुरुवात झालीच होती, आणि त्या मुली मी त्याच्यापेक्षा जास्त डोळे लावून बघत होते.

एक पसंत पडली. आमचं घर बघायला ती आईवडिलांबरोबर आली. सासूबाईंनी कपाटातून मेणबत्ती काढलेली मी पाहिली. मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. तिथल्या तिथे थांबून तिने नाक वर केलं आणि मला विचारलं, “इथे मध सांडलाय का?”

अशीच ऐटीत सांगणार होती ती बाहेर. जून मला समोर दिसत होता.

“बाहेर विचारतील,” मी म्हटलं. “काहीच वास येत नाही म्हण.”

तिने का म्हणून विचारलं नाही. बाहेर जाऊन मेणबत्ती नाकाशी धरली आणि म्हणाली, “सर्दी नाही, पण मला वास कमीच येतो.” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मेणबत्ती परत कपाटात ठेवली.

बाकी सगळं जुळलं होतं, म्हणून लग्न झालं. जाऊबाई ओझरला कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागली. सकाळी तिचा डबा मीच भरते. मला तिचा हेवा वाटतो, आणि तरी उद्या पुन्हा वेळ आली तर तिला तेच सांगेन. ती बससाठी पळत सुटते तेव्हा तिच्या साडीला साबणाचा वास असतो, नुसता साबणाचा.