निर्माल्याची पिशवी

आमच्या भारतदादाचं नाव काढलं की मखमलाबादमध्ये अजूनही लोक विचारतात, "तोच ना, जेवतानासुद्धा कॅमेरा गळ्यात ठेवणारा?" तोच. लग्नाच्या पंगतीत बसला तरी कॅमेरा गळ्यात, वरणाचा शिंतोडा उडू नये म्हणून त्यावर रुमाल, आणि मान वाकडी करून घास. मी त्याची धाकटी बहीण, मनीषा. त्याला हसायचा पहिला हक्क माझा, आणि मी तो पुरेपूर बजावला.

आम्ही माळी. घरची झेंडू-शेवंतीची शेती. दादा लहानपणापासूनच फुलांना वैतागलेला. पहाटे अंधारात तोडणी, क्रेट भरा, बाजारात बसा, आणि भाव पडला की दुपारी तीच फुलं गायीपुढे टाका. दहावीनंतर तो एका फोटो स्टुडिओत झाडू मारायला लागला आणि झाडू मारता मारता कॅमेरा शिकला. पुढे स्वतःचा कॅमेरा घेतला, पेठ रोडला छोटा गाळा भाड्यानं घेतला. आमची आई गोजराबाई सगळ्या फुलबाजाराला सांगत फिरली, की माझ्या पोराच्या हाताला आता चिखल लागत नाही. आईच्या पोटात काही राहत नाही, चांगलं नाही की वाईट नाही.

तो पहिला कॅमेरा चोरीला गेला. नात्यातलंच लग्न होतं. दादानं हात धुवायला जाताना बॅग आईच्या मांडीवर ठेवली. तेवढ्यात पाठवणी निघाली. आता आमच्या आईला कुणाचीही पाठवणी असो, रडू येतंच. ती उठली, नवरीच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली, आणि परत आली तर खुर्चीवर बॅग नव्हती. भर मांडवात तिनं स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली. दादानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. तिला एक शब्दही बोलला नाही. त्यानंतर आईनं लग्नांना जाणंच सोडलं. रडायला येणाऱ्या बाईनं घरीच बसावं, म्हणायची.

पुढची कित्येक वर्षं दादा दुसऱ्याच्या टीममध्ये लाइट धरून उभा राहिला. त्याच्या निम्म्या वयाची पोरं त्याला "काका, जरा मागं सरका" म्हणायची आणि तो सरकायचा. केस गेले, पाठीला बाक आला, पण एक दिवस त्यानं परत स्वतःचा कॅमेरा घरी आणला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मने, हा गेला तर मी संपलो. परत उभं राहायचं वय नाही राहिलं आता." मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये. पण तो खरं तेच बोलत होता.

मग सुरू झालं राखणं. कॅमेऱ्यावरचं कंपनीचं नाव त्यानं काळी टेप लावून झाकलं. एसटीत बसला की पट्टा मनगटाला दोन वेढे. बाहेरगावच्या लग्नाला लॉजवर राहिला तर बॅग सायकलच्या साखळीनं पलंगाच्या पायाला बांधायची, कुलूप लावायचं, आणि किल्ली बनियनच्या आत. उज्वलावहिनी म्हणायची, "माझ्या मंगळसूत्राची एवढी काळजी केली नाही कधी." तो हसायचा, पण साखळी सोडायचा नाही.

एवढं करूनही त्याचं समाधान नव्हतं. आणि मग त्याला ती युक्ती सुचली. मला ती फार उशिरा कळली, पण तुम्हाला आताच सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीवर, जाता-येता त्यानं पाहिलं होतं, की पुलाच्या कठड्याला, पिंपळाच्या बुंध्याशी निर्माल्याच्या पिशव्या टांगलेल्या असतात. सुकलेले हार, देवघरातली फुलं, कधी फुटका नारळ. महिनोन् महिने तशाच. चोर तर सोडाच, कचरा वेचणारासुद्धा त्यांना हात लावत नाही. देवाचं ते, कोण कशाला पाप घेईल? दादानं ठरवलं, की प्रवासात कॅमेरा अशाच पिशवीत ठेवायचा. जुनी कापडी पिशवी, खाली जाड फडक्यात कॅमेरा आणि लेन्स, वर झेंडूचे वाळके हार, वरून थोडं कुंकू भुरभुरवलेलं. आणि चोराला दाखवायला खांद्यावर काळी मोठी बॅग, तिच्यात जुने टॉवेल. हे फक्त वहिनीला ठाऊक होतं. आईला सांगितलं नाही, कारण आईनं ते येवल्यापर्यंत पोचवलं असतं. मलाही सांगितलं नाही, कारण माझ्या पोटात आईपेक्षा थोडंच जास्त राहतं.

गेल्या दिवाळीत, फुलांचा हंगाम उरकल्यावर, आम्ही कोकणात निघालो. मी भाऊबीजेला माहेरी आलेली, मलाही गाडीत घेतलं. दादा, वहिनी, त्यांची मुलगी स्नेहल, आई आणि मी. दादाच्या आयुष्यातली ही पहिली सहल. वहिनीनं हट्टच धरला होता. "जगाच्या बायकांचे फोटो काढता, माझा एक धड फोटो घरात नाही. समुद्रावर न्या आणि माझे काढा." त्यामुळे कॅमेरा घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. शिवाय दिवाळीत बंद घरं फुटतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर लगेच त्याची कामं सुरू होणार होती. बऱ्याच वर्षांनी सीझन चांगला धरला होता त्यानं.

गाडी भाड्याची. दादानं पिशवी आपल्या पायाशी ठेवली. आईनं कसाऱ्याच्या घाटातच विचारलं, "हे रं काय? निर्माल्य संगं घेऊन निघाला?"

"गडबडीत राहिलं आई. सोडू कुठंतरी."

"मग गंगेत नाय का सोडायचं? घरापुढनं वाहती ती."

"सोडू ना. तू झोप."

समुद्रावर ते दिवस बरे गेले. म्हणजे आमचे बरे गेले. दादा कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर यायचा, फोटो काढायचा आणि लगेच खोलीवर पळायचा. खोलीत ती पिशवी खुंटीला. आई रोज तिच्याकडे बघून पुटपुटायची. समुद्र समोर असताना देवाची फुलं खुंटीला का, हे तिला कळेना, आणि दादा रोज काहीतरी थाप मारायचा. मीच एकदा वैतागून म्हटलं, "टाक ना रे ते, वास येईल." त्यानं मला असं झापलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

एक फोटो मात्र मी पाहिला, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर. आई पाण्यात उभी, लुगडं पोटरीपर्यंत वर धरलेलं, लाट आली म्हणून तोंड उघडून हसतेय. आईचं तसं हसू मी जन्मात पाहिलं नव्हतं. दादा म्हणाला, "हा मोठा करून हॉलमध्ये लावणार." वहिनीचेही भरपूर काढले. ती लाजून लाजून दमली.

परतीच्या दिवशी स्नेहलला गाडी लागली. खाडीवरचा एक पूल होता, त्याच्या अलीकडे चहाची टपरी. गाडी थांबवली. वहिनी स्नेहलला घेऊन झाडामागं गेली. दादा काळी बॅग खांद्याला लावून, तिच्यावर हात घट्ट ठेवून टपरीशी उभा राहिला. टॉवेल राखत होता तो. मी चहा सांगत होते. पिशवी गाडीतच होती, आणि तिला कुणी हात लावणार नाही याची त्याला खात्री होती.

चहा हातात आला तेव्हा आई पुलावरून परत येताना दिसली. पदरानं हात पुसत, अगदी समाधानानं.

"सोडलं बाई एकदाचं," ती म्हणाली. "देवाची फुलं पायाशी लोळत व्हती, तवापासनं जीवाला बरं वाटंना. नारळ हुते जणू आत. हाताला रग लागली."

दादाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तो आईकडं बघत होता, आणि आई त्याच्याकडं, कौतुकाच्या अपेक्षेनं. मग तो म्हणाला, "बरं केलंस आई." ग्लास टपरीवर ठेवला आणि पुलाकडं चालू लागला.

मला वाटलं, लघवीला गेला. पण चालण्यात काहीतरी बिघडलं होतं, म्हणून मी मागं गेले. तो पुलाच्या मधोमध कठडा धरून उभा होता. खाली ओहोटीचं पाणी समुद्राकडं ओढ घेत होतं. गढूळ, काळपट, तळ दिसायचा प्रश्नच नाही. झेंडूचा एक हार मात्र वर तरंगत लांब चालला होता.

"मने, त्यात कॅमेरा होता."

"कशात?"

"आईनं सोडलं त्यात."

मला आधी हसू आलं. देवाशपथ सांगते, हसू आलं, आणि मग त्याचा चेहरा पाहिला. तो कडेच्या उतारावरून खाली गेला, चिखलात मांडीपर्यंत रुतला, हातानं चाचपत राहिला. होडी घेऊन एक कोळी जात होता, त्याला मी हाक मारली. तो म्हणाला, "बाई, इथं माणूस पडला तरी गावत नाय." आणि मिळाला असता तरी काय? खाऱ्या पाण्यात बुडालेला कॅमेरा कुणाच्या कामाचा?

वर आल्यावर त्यानं मला बजावलं, "उज्वलाला मी सांगतो, पण आईला कळता कामा नये. मागच्या वेळी तिचे हात मी धरले होते. या वेळी धरायची ताकद माझ्यात नाही." आईला सांगितलं, पाय घसरला. आई वाटभर त्याच्या पँटीवरचा वाळलेला चिखल नखानं खरवडत होती.

घरी आल्यावर त्यानं सगळ्यांसमोर काळी बॅग उघडली आणि म्हणाला, कॅमेरा नाही. लॉजवर कुणीतरी काढून घेतला असेल. नाटक त्याला कधी जमत नाही, पण त्या दिवशी जमलं, कारण रडणं खरंच होतं.

लोक विचारतात, विमा नव्हता का? होता की. पण विमेवाल्याला काय लिहून द्यायचं, आईनं विसर्जन केलं म्हणून? खोटी तक्रार करायला तो तयार नव्हता. कुणा लॉजवाल्याच्या पोराला पोलिसांनी मारलं असतं, म्हणाला. घेतलेली कामं त्यानं हात जोडून परत केली. गाळा सोडला. आता तो पहाटे फुलबाजारात क्रेट उतरवतो, झेंडूच्या ढिगामागं बसतो. लग्नसराईत त्याच्याच ओळखीचे फोटोवाले हार न्यायला येतात. बोलतात, चहा पाजतात. त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं तो बघत नाही. पुन्हा घेईन असंही म्हणत नाही. मीही म्हणत नाही, कारण मला माहीत आहे, नाही घेणार.

आणि आई? आईनं नेम धरलाय. पोराचा कॅमेरा सापडेपर्यंत गोड तोंडाला लावायचं नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. जिचा जीव गुळाच्या खड्यात, ती बाई संक्रांतीला सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून स्वतः नुसते हात झटकून बसली. मी दादाला म्हटलं, सांगून टाक रे. ही असंच करत मरेल.

"सांगितलं तर अन्न सोडेल," तो म्हणाला. "त्यापेक्षा साखर बरी."

परवा मी पुन्हा गेले होते. तिन्हीसांजेला आईनं देवापुढं दिवा लावला आणि रोजच्यासारखं सुरू केलं. चोराचं वाटोळं होऊ दे, त्याच्या घरात दिवा लागू नको. दादा ओट्यावर सुतळीचे गुंडे करत बसला होता. ऐकायची सवय झालीये त्याला. पण मग आई म्हणाली, "ज्या हातांनी माझ्या लेकराचं पोट उचलून नेलं, ते हात झडून जाऊ दे रं देवा."

दादा उठला. आत आला, देवापुढं जोडलेले तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घेतले. फुलं तोडून तोडून बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या.

"आई, हातांना काही बोलू नको. मला काय बोलायचं ते बोल."

"तुला कशापायी? तू लय भोळा हायेस. लुटणाऱ्याचीबी दया येती तुला." तिनं हात सोडवून घेतले. "सोड आता. अर्धवट राहिलं."

आणि डोळे मिटून तिनं ते मागणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दादा तिच्या शेजारी हात जोडून, ते पुरं होईपर्यंत उभा राहिला.