सरळ पंखांची पाहुणी

प्रयोगशाळेत सगळे तिला चिलटमावशी म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. फळांवर घोंघावणारी चिलटं काचनळ्यांत जपायची, त्यांना मक्याच्या पिठाचा गोड लगदा घालायचा, जुन्या नळीतून नव्या नळीत हलवायची, हे तिचं काम. उबदार खोलीत खमिराचा वास दाटलेला असे, सूक्ष्मदर्शकाखाली गुंगीतल्या चिलटांचे पंख अभ्रकासारखे चमकत, आणि मावशीचं तोंड अखंड चालू असे.

त्यातल्या एका वाणावर तिथल्या एका संशोधक पोरीचा सगळा प्रबंध उभा होता. त्या वाणात एक जनुक बिघडलेलं होतं. त्याच्या हुकमावाचून मज्जासंस्थेतल्या आधारपेशी घडत नाहीत, त्याही चेतापेशीच होऊन बसतात, असं पोरीने समजावलं, तेव्हा मावशी हसली.

"म्हणजे घरात सगळ्याच माझ्यासारख्या बोलक्या, आणि आमच्या ह्यांच्यासारखं मुकाट्याने सांभाळून घेणारं कुणीच नाही. कसं टिकायचं ते घर?"

टिकत नव्हतंच. आईबाप दोघांकडून ते बिघडलेलं जनुक मिळालेली पिल्लं अंड्यातच संपत. कुणाकडूनच न मिळालेल्यांना पंख वळवणारं जनुक दोन्हीकडून येई, आणि तीही जगत नसत. एकाकडूनच मिळालेली जगत, आणि त्यांची खूण म्हणजे वर वळलेले पंख. म्हणूनच एका सकाळी नळीत सरळ पंखांचं चिलट दिसलं, तशी मावशीने ती नळी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. बाहेरचं घुसलं होतं. वाण भेसळला होता, आणि दुसरीकडे तो शिल्लक नव्हता.

"माझ्याच पिशवीतनं आलं असणार," ती म्हणाली. "पिकलेली केळी होती."

पोरीने वाणाच्या सगळ्या नळ्या समोर ओढून घेतल्या.

वळल्या पंखांत अस्सल कोण नि भेसळीचं कोण, ते डोळ्यांना कळेना. मावशीने नुकत्याच कोशातून निघालेल्या, अजून नर न भेटलेल्या माद्या वेचल्या आणि एकेकीला एकेका नराबरोबर वेगळ्या नळीत घातलं. स्वतःच्या भाचरांचीसुद्धा एवढी लग्नं जमवली नव्हती, असं ती पुटपुटली. ज्या जोडप्याच्या पिल्लांत सरळ पंख निघेल, ती नळी बाद.

मग दिवस पाण्याखालून चालल्यासारखे सरकले. घरी ती ताटावर बसे, पण डोळ्यांपुढे पंख उलगडत राहत. नवरा काही विचारत नसे, फक्त गार झालेली वाटी गरम करून पुन्हा पुढे ठेवी.

एकेक नळी बाद होत गेली. शेवटच्या नळीतले कोश रिकामे झाले, तेव्हा मावशीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळे पंख वळलेले. तिने पुन्हा पाहिलं, हळूहळू, ब्रशने एकेक चिलट बाजूला सारत. सरळ पंखांचं कुणी जन्मलंच नव्हतं.

"मावशी, बोलत का नाहीस? गेलं का सगळं?" पोरीने दारातून विचारलं.

मावशीने तिचा हात धरला आणि तिला सूक्ष्मदर्शकापुढच्या आपल्या खुर्चीवर बसवलं.