अकरा नंबरच्या माळावरची शून्यं

अकरा नंबरच्या तक्त्यावर मी सलग बाराव्या दिवशी शून्य लिहिलं, खाली सही केली आणि तिपाईच्या पायांची माती पुसायला लागलो. पाच वाजले होते. तेवढ्यात मेंढ्या पुढं घालून खंडूतात्या आले. सत्तरीचे धनगर. या माळावर त्यांचा रोजचा वावर.

"काय मोजलं आज?"

"काही नाही. शून्य."

"आन् काल?"

"कालही शून्यच."

"मग रोज येऊन मोजताव काय?"

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल.

मी सर्व्हेअर. धाराशिवला राहतो. सव्वीस वर्षं जमिनी मोजतोय, त्यातली शेवटची तीन पवनचक्क्यांच्या ठेकेदाराकडे. नकाशावर टॉवरची जागा म्हणजे एक ठिपका असतो. तो ठिपका जमिनीवर नेमका शोधायचा आणि तिथं खुंटी ठोकायची, याला आमच्यात सेंटर मार्किंग म्हणतात. अकरा नंबरची खुंटी मीच ठोकली होती. येडशीच्या पुढं डोंगरमाथ्यावरचा सपाट माळ. झाड नाही, घर नाही, गुडघाभर वाळलेलं गवत आणि वारा.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. फाउंडेशन खोदण्याआधी प्रत्येक जागेवर शिकारी पक्ष्यांची नोंद करायची. उन्हाळा लागला की थंडीतले पाहुणे पक्षी उत्तरेकडे परततात, त्यांच्या वाटेत पाती फिरू नयेत म्हणून. पुण्याहून अनघा मॅडम आल्या. वय असेल तीस. त्यांच्याकडे जागा जास्त आणि माणसं कमी होती. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर देशमाने साहेब मला म्हणाले, "तुम्ही करा. तुमच्याकडे दुर्बीण आहेच."

"साहेब, ती माझ्या यंत्रातली आहे. ती जमिनीकडे बघते."

"मग मॅडम दुसरी देतील."

मॅडमनी दुर्बीण दिली आणि दोन दिवस शिकवलं. पहिलंच वाक्य होतं, "काका, रंग शेवटी बघायचा. उन्हात रंग फसवतो. आधी आकार, मग पंख कसे धरलेत, मग चाल."

हे मला जमण्यासारखं होतं. घारीच्या शेपटीला मधे खाच असते. शिक्रा पाच-सहा वेळा भराभर पंख मारतो, मग तरंगतो. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते भोवत्ये. इंग्रजीत हॅरिअर. भोवत्या तरंगताना पंख सपाट धरत नाही, वर उचलून धरतो. मी कोनमापक लावून बघितलं नाही, पण माझ्या अंदाजानं एकेका बाजूला पंधरा अंश. गवताला जवळजवळ लागून उडतो, एकदा या अंगावर कलतो, एकदा त्या. नर राखी-पांढरा, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. ऑक्टोबरात हिमालयापलीकडून येतात, मार्च-एप्रिलमध्ये जातात. इकडं दोन जाती जास्त दिसतात. नर ओळखू येतात, माद्या जवळजवळ सारख्या.

"मग मादी दिसली तर काय लिहू?"

"भोवत्या, मादी, जात निश्चित नाही. अंदाज लिहू नका."

अंदाज लिहू नका म्हणणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं. त्या दिवसापासून मी हे काम मनावर घेतलं. घरी गच्चीवर पाठ टेकून घारी बघत बसायचो. आमच्या सौ. पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, "अहो, निदान ह्यांच्यावर येणारे कावळे तरी मोजा. आणि मोजून झाले की हाकला."

फॉर्मवर एका दिवसाचे सहा तास होते. कोणते सहा, ते माळावरच्या परिस्थितीप्रमाणे मी ठरवायचं होतं. मी नऊ ते बारा आणि दोन ते पाच ठरवले. साडेपाचला साइटच्या गेटवरचं रजिस्टर बंद होतं, म्हणून. पाचशे मीटरचं वर्तुळ आखलं, चार दिशांना दगडांना चुना लावला, मधे स्टूल टाकलं. वर्तुळाबाहेर लांबवर एखादा भोवत्या जाताना दिसायचा. बाहेरचा तो बाहेरचा. आत शून्य. असे बारा दिवस.

हे मी खंडूतात्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी काठीवर हनुवटी टेकून ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या वस्तीवर एकदा खानेसुमारीवाले आले व्हते. भर दुपारी. समदी माणसं रानात. एक म्हातारी आन् दोन कुत्री घावली त्यास्नी. तुमचं बी तसंच चाललंय."

"म्हणजे?"

"आमी ह्या गवतात मेंढरांचा वाडा लावत न्हाय. माझा बाप बी लावत नव्हता. रातच्याला हितं पांढऱ्या घारी बसत्यात. कुत्री त्यास्नी झोपू देत न्हाईत, आन् त्या कुत्र्यास्नी. थांबा की दिस बुडंस्तवर. का बायको रागं भरती?"

बारा दिवसांचा तक्ता मी सही करताच मोबाइलवरून ऑफिसला पाठवला होता. अकरा नंबर, नोंद शून्य, सही. त्या सहीवर येत्या सोमवारी खोदकाम लागणार होतं. त्या दिवशी मंगळवार होता.

मी गेटवर फोन करून वॉचमनला थांबायला सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिलो.

पावणेसहापर्यंत काहीच नाही. वारा पडला. गवताचा रंग बदलायला लागला, आधी पिवळा, मग तांबूस, मग ज्याला मला नाव देता येत नाही असा. मग दक्षिणेकडून एक आला. पंख वर धरलेले, पंधरा अंश. आवाज नाही. तो गवतावरून इतक्या सावकाश गेला की मला वाटलं, माळच हळूहळू मागं सरकतोय. त्याच्यामागे दुसरा. मग तीन बाजूंनी. राखी नर संध्याकाळच्या उजेडात गुलाबी दिसत होते. रंग फसवतो, हे खरं होतं, पण त्या वेळी फसायला काही हरकत वाटली नाही. ते घिरट्या घालायचे, एकमेकांच्या खालून-वरून जायचे, एखादा पाय सोडून गवतात उतरायचा आणि नाहीसा व्हायचा. जणू गवतानं अलगद आत घेतला.

उडणारे मोजणं शक्य नव्हतं, तोच पक्षी चारदा मोजला गेला असता. म्हणून मी उतरणारे मोजले. उतरला की एक मिळवायचा, पुन्हा उठला की एक वजा. सहा पन्नासला दिसेनासं झालं. आकडा सत्तेचाळीस. माझ्या खुंटीपासून सगळ्यात जवळचा वीस पावलांवर.

अंधार पडला तरी मी उठलो नाही. चाललो तर ते उठतील, असं वाटलं. समोर गवतात सत्तेचाळीस जीव झोपले होते आणि माझ्या तक्त्यात तिथं काही नव्हतं. अर्ध्या तासानं मी पायताण हातात घेऊन मोठा वळसा घालून बाहेर पडलो. सराटे बोचले ते घरी आल्यावर कळलं.

बुधवारी सकाळी देशमाने साहेबांपुढं उभा राहिलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मंगळवारी पाचला शून्य. मंगळवारी सातला सत्तेचाळीस. सही दोन्हीवर तुमची. मी कोणत्या सहीवर विश्वास ठेवू?"

"दोन्हीवर, साहेब. पहिली वेळ चुकीची होती."

"हे मी वर कसं सांगू? पोकलेन सोमवारी येतंय. मॅडमना स्वतः बघू द्या. त्या म्हणाल्या तर थांबवतो. तुमच्या एकट्याच्या शब्दावर नाही." मग जरा थांबून म्हणाले, "परवापर्यंत तुमच्या एकट्याच्या शब्दावर थांबवलं असतं."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. सव्वीस वर्षांत माझी मोजणी कुणी पुन्हा करून घेतली नव्हती.

मॅडमना फोन केला. त्या तिकडं साताऱ्याकडं होत्या. रविवारी संध्याकाळी पोचते म्हणाल्या. "काका, पण जायचे दिवस आहेत. रविवारपर्यंत राहतील का, सांगता येत नाही."

बुधवारी पंचेचाळीस उतरले. गुरुवारी शेहेचाळीस. शुक्रवारी ऊन वाढलं. त्या सकाळी मी सहालाच माळावर होतो. एरवी उजाडताना एकेक भोवत्या उठून गवतालगतच उडत कुठंतरी निघून जायचा. त्या दिवशी बरेचसे माळाच्या कडेला दगडांवर बसून राहिले. आठ-साडेआठला जमीन तापली, गरम हवा वर चढायला लागली, तसे ते त्या हवेवर बसून गोल गोल वर गेले. पंख हलवत नव्हते. ठिपके झाले, ठिपक्यांची टिंबं झाली, आणि मग उत्तरेकडे सरकले. दुर्बिणीतून बघता बघता माझी मान दुखली. मी मनात म्हणत होतो, दोन दिवस थांबा. नोंद करणाऱ्यानं असं म्हणू नये, पण म्हणत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी वीस. शनिवारी सात.

शनिवारी सकाळी, पक्षी गेल्यावर, मला माझं मूळ काम आठवलं. मी गवतात शिरलो. प्रत्येक पक्षी बसला होता तिथं ताटाएवढं गवत दबलेलं होतं, कडेला पांढरी शीट. आणि काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या. शिकारी पक्ष्याला पचत नाही ते तो गोळी करून तोंडातून टाकतो, हे मॅडमनी सांगितलं होतं. गोळी फोडली तर आत नाकतोड्यांचे पाय, उंदराचे केस. मी पोतंभर खुंट्या आणल्या आणि जिथं गवत दबलंय, शीट आहे आणि गोळीही आहे, तिथंच एकेक ठोकली. तिन्हीपैकी एक नसेल तर खुंटी नाही. प्रत्येकीवर नंबर, प्रत्येकीचं यंत्रानं अंतर आणि दिशा. दहा वाजेपर्यंत एकावन्न खुंट्या झाल्या. खंडूतात्या लांबून बघत होते.

"आता मोजून काय उपेग? गेली की ती."

"गेली. पण अंथरुणं राहिलीत."

"मग मोजा," ते म्हणाले आणि मेंढ्या वळवून पलीकडच्या अंगानं घेऊन गेले. त्या दिवशी एकही मेंढी त्या गवतात आली नाही.

रविवारी साडेपाचला आम्ही तिघं स्टुलाजवळ होतो. मॅडम, साहेब आणि मी. पोकलेन ट्रेलरवरून आधीच आलं होतं आणि गेटबाहेर उभं होतं. सहा वाजले. सव्वासहा. वारा पडला, गवत पिवळं झालं, मग तांबूस. मी दोघांकडे बघायचं टाळत होतो. साडेसहा. सूर्य टेकला.

"शून्य?" साहेब हळूच म्हणाले.

मी मॅडमच्या हातात खुंट्यांचा नकाशा दिला आणि आम्ही उजेड आहे तोवर गवतात शिरलो. मॅडम पहिल्या खुंटीपाशी उकिडव्या बसल्या. दुसऱ्या. पाचव्या. गोळ्या पाकिटात भरत होत्या, नंबर घालत होत्या. नवव्या खुंटीनंतर साहेबच पुढं जाऊन त्यांना पुढची खुंटी दाखवायला लागले. पंधराव्यापाशी मॅडम उठल्या. "एका रात्रीचं नाही हे. अख्ख्या हिवाळ्याचं आहे. जुन्या गोळ्यांवर नव्या पडल्यात." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, खाली बसा."

आम्ही तिघंही बसलो. दक्षिणेकडून एक मादी येत होती. एकटी. तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. आमच्यापासून सत्तर-ऐंशी पावलांवर तिनं तीन घिरट्या घातल्या, जणू बाकीचे कुठं गेले ते बघत होती. मग पाय सोडले आणि चाळीस नंबरच्या खुंटीच्या अलीकडे उतरली. गवत एकदा हललं आणि थांबलं.

साहेबांच्या इस्त्रीच्या पँटीला कुसळं लागली होती. त्यांनी ती झटकली नाहीत.

मग ते कुजबुजले, "लिहा. एक. मादी, जात..."

"जात निश्चित नाही," मी म्हटलं.

"हां. आणि वेळ लिहा. सहा सत्तेचाळीस."

अकरा नंबरचा टॉवर त्या माळावर झाला नाही. मॅडमच्या अहवालावरून कंपनीनं तो आधीच राखून ठेवलेल्या पर्यायी जागेवर हलवला, उताराकडच्या ज्वारीच्या शेताजवळ. तिथलं सेंटर मार्किंग पुन्हा मलाच करावं लागलं, आणि भर एप्रिलच्या उन्हात. साहेबांनी ती मोजणी दुसऱ्या सर्व्हेअरकडून एकदा तपासून घेतली. बरोबर निघाली.

माझे बारा दिवसांचे शून्याचे तक्ते मी मागं घेतले नाहीत. ते खोटे नव्हते. फक्त प्रत्येक शून्यापुढं वेळ लिहिली आणि पुन्हा सही केली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात खंडूतात्यांनी नातवाच्या मोबाइलवरून फोन केला. एवढंच म्हणाले, "आली. दोन." मी विचारलं, किती वाजता? पलीकडून हसण्याचा आवाज आला. "तुमी गेल्यावर."

आता मी नव्या माणसाला तक्ता भरायला शिकवतो तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगतो. शून्य हाही आकडा आहे. तो लिहायला सगळ्यात कमी शाई लागते, म्हणून त्याच्यापुढं वेळ लिहायला विसरू नये.